जादूटोनर

रंगीत लेझर प्रिंटर ज्या घरात येतो, त्या घरात रंगाला बंदी होते. दुसरा इलाजच नसतो. आमच्याकडे हल्ली कोणाचाही हात 'प्रिंट'कडे गेला की मी असेन तिथून, प्रसंगी मोरीतून, ओरडतो, "ग्रेस्केल कर! आधी ग्रेस्केल!" लेक आठवीत आहे. तिने एकदा शांतपणे विचारलं, "बाबा, ब्लॅक अँड व्हाईटच काढायचं होतं तर तसाच घ्यायचा ना?" मुलांना हल्ली शाळेत काय वाट्टेल ते शिकवतात.

घेण्याचं कारण मात्र सबळ होतं. आधी शाईचा प्रिंटर होता. त्याला अधूनमधून काम द्यावं लागतं. नुसता बसून राहिला की नोझलमध्ये शाई वाळते. आणि वाळवणाच्या बाबतीत नागपूरचा हात कोण धरणार? एप्रिलमध्ये सकाळी गच्चीवर घातलेल्या कुरडया संध्याकाळी कडकडीत होऊन डब्यात जातात, तिथे त्या बापड्या निळ्या शाईचा काय पाड! दर वेळी हेड क्लीनिंग करायचं, त्यात निम्मी शाई जायची आणि उरलेल्या निम्मीत पट्ट्यापट्ट्यांचं आधार कार्ड निघायचं.

म्हणून बर्डी, म्हणजे सीताबर्डीचा बाजार, गाठली. दुकानदार खर्र्याची पुडी चोळत होता. माझी कर्मकहाणी त्याने पुरती ऐकूनही घेतली नाही. "काकाजी, लेझर घेऊन टाका. यात शाईच नाही ना जी, पावडर आहे. पावडर अजून किती वाळन?"

या युक्तिवादाला तोड नव्हती. शिवाय तो खराही होता. टोनर म्हणजे रंगवलेल्या प्लॅस्टिकची अतिबारीक भुकटी. लेझरचा किरण एका गोल ड्रमवर स्थिर विजेचं चित्र काढतो, भुकटी तेवढ्याच जागी चिकटते, तिथून कागदावर उतरते आणि फ्युझर नावाचा तापलेला रूळ तिला वितळवून कागदावर पक्की करतो. रंगीत प्रिंटरमध्ये फ्युझर सोडून हा सगळा संसार चार वेळा: सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. ही करामत गॅरी स्टार्कवेदर नावाच्या इंजिनिअरची. १९६९ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीत असताना त्याला लेझरने छापायची कल्पना सुचली, तेव्हा त्याच्या वरिष्ठांना ती मुळीच पटली नव्हती. त्या वरिष्ठांबद्दल माझं मत अलीकडे फार चांगलं झालंय.

सोबत आलेले टोनर अर्धेमुर्धेच भरलेले असतात, हे दुकानदाराने पैसे घेतल्यानंतर सांगितलं. नव्या चार टोनरचा भाव मी सहज विचारला. तो ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात तर आणखी एक प्रिंटर येईल." दुकानदार म्हणाला, "येते ना ताई. बरेच लोक तसंच करतात." आम्ही तिघंही थोडा वेळ गप्प होतो.

घरी आणल्यावर कळलं की याला झोपवायचं कुठे हाच मोठा प्रश्न आहे. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं, खोलीचं तापमान १० ते ३२ अंश असावं. नागपुरात मे महिन्यात बत्तीस अंश रात्री दोन वाजता मिळाले तर माणूस देवाचे आभार मानून कूस बदलतो. दिवसा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो. या प्रिंटरच्या पोटात फ्युझर दोनशे अंशांच्या आसपास तापतो. आणि ज्याच्या पोटात अशी भट्टी पेटलेली असते, त्याला बाहेर तेहेतीस सोसवत नाहीत! पुण्याच्या जावयाचेही आम्ही इतके लाड करत नाही.

पहिल्यांदा तो दिवाणखान्यात होता, कूलरच्या थेट झोतात. त्याला बरं वाटावं हाच उद्देश. पण कूलरचा वारा ओला. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी ती थंडगार, सुवासिक हवा माणसाला स्वर्गात नेते आणि कागदाला दमट करते. दमट कागद फ्युझरमधून गेला की त्यातून वाफ निघते, कागद वळतो आणि मध्येच कुठेतरी जीव देतो. मागचं झाकण उघडायचं, दोन हिरव्या खिट्ट्या एकदम वर करायच्या आणि आत घड्या घड्या होऊन बसलेला कागद दोन्ही हातांनी, सरळ रेषेत, न फाडता ओढायचा. शेजारीच एक पिवळा त्रिकोण असतो, 'गरम आहे, हात लावू नका' असं सांगणारा. तो पाहायला वाकलं की कपाळ गरम भागाला टेकतं. कागद शेवटी फाटतोच. मोठा तुकडा हातात येतो आणि छोटा तुकडा आत राहून पुढच्या सगळ्या कागदांना अडवतो.

तेव्हा त्याला आईच्या खोलीत हलवलं, कारण घरातला एकुलता एक एसी तिथे आहे. आम्ही कूलरमध्ये, प्रिंटर एसीत. आईचं आणि त्याचं सुरुवातीला जमेना. हे यंत्र कोणी काही न सांगता मध्यरात्री जागं होतं, घरघरतं, आतल्या आत काहीतरी फिरवतं आणि परत झोपतं. रंग जुळवून घेण्याचं कॅलिब्रेशन असतं ते. आईने सकाळी सांगितलं, "रात्रभर कण्हते बाप्पा तो. त्याले काही झालं तं नाही ना?" मी सांगितलं, की कॅलिब्रेशन आहे, त्यात थोडा टोनरही खर्च होतो. आई म्हणाली, "म्हणजे न छापताही खाते?" या घरात प्रिंटरचं मर्म पहिल्यांदा तिला कळलं.

विजेचं प्रकरण थोडक्यात सांगतो. फ्युझर तापायला लागला की ट्यूबलाइट डोळे मिचकावते. इन्व्हर्टरवर तो चालवायचा नाही, असं इलेक्ट्रिशियनने बजावलं होतं. अवकाळीच्या वादळात लाइन गेली असताना मेहुण्याने तेवढ्यात चालवून पाहिला आणि पंखेही गेले. मेहुणा आहे, काय बोलणार.

खरी लढाई मात्र पाच टक्क्यांची. टोनरच्या डब्यावर अमुक इतकी पानं निघतील असं लिहिलेलं असतं. त्यात धरलेलं असतं की पानाचा जेमतेम पाच टक्के भाग त्या रंगाने भरलेला आहे. पाच टक्के म्हणजे काय? एखादं सरकारी पत्र. वर चिमुकला लोगो, खाली सही, मध्ये चार ओळी. या हिशोबात आकाश बसत नाही, समुद्र बसत नाही आणि लेकीचा 'माझं नागपूर' हा प्रकल्प तर अजिबात बसत नाही.

पहिल्या पानावर संत्रं. साहजिक आहे, संत्रानगरीच ती. पण नारिंगी नावाचा टोनरच नसतो. तो पिवळ्यावर मॅजेंटा चढवून करावा लागतो, म्हणजे एका संत्र्याला दोन डबे कामाला लागतात. तिने तर अख्खी टोपली घेतली होती. दुसऱ्या पानावर वाघ, कारण ताडोबा इथून जवळ. वाघही नारिंगी! वर काळे पट्टे, म्हणजे तीन डबे. तिसऱ्या पानावर मेट्रोचा नकाशा. आमच्या मेट्रोच्या दोन लाइन आहेत, ऑरेंज आणि ॲक्वा, आणि दोन्ही बर्डीवर एकमेकींना छेदतात. म्हणजे पिवळा, मॅजेंटा आणि सायन या तिघांचं जंक्शन नेमकं माझ्या छातीवर. दीक्षाभूमीच्या शुभ्र स्तूपाने तेवढी दया केली. तिथे मागच्या आकाशाला काय लागेल तेच. झिरो माइलचा दगडी खांब मी स्वतः सुचवला. "आणखी घे ना झिरो माइल," म्हटलं, "चारी बाजूंनी घे. मातकट रंगाचा आहे, ग्रेस्केलमध्येही ओळखू येतो." लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि फुटाळा तलावावरचा सूर्यास्त टाकला. पूर्ण पानभर.

शेजारी आपलं ओझं वेगळं घेऊन येतात. हॉल तिकीट, सातबारा, भाडेकरार यांबद्दल माझी तक्रार नाही, ते काळे असतात. पण वरच्या मजल्यावरच्या वहिनी मुलाचा लग्नाचा बायोडाटा घेऊन आल्या. वर लाल गणपती, भोवती सोनेरी वेलबुट्टी आणि कोपऱ्यात मुलाचा फोटो. लेझर प्रिंटर अक्षरं झकास काढतो, माणसाचा चेहरा त्याला तितकासा जमत नाही. पहिल्या प्रतीत मुलगा गुलाबी निघाला. कॅलिब्रेशन करून पुन्हा काढली तर हिरवट. तिसऱ्या प्रतीत रंग बरे आले, पण सायन किंचित सरकला होता, त्यामुळे मुलाच्या मागे एक निळा मुलगा उभा दिसत होता. वहिनींनी बराच वेळ कागद लांब धरून पाहिला. "गुलाबीच द्या जी," त्या म्हणाल्या, "निदान तब्येतीचा वाटते."

शेजारचे काका रिटायर झाल्यापासून पूर्ण वेळ चौकशीला देतात. त्यांनी कुठूनतरी शोधून काढलं की रंगीत लेझर प्रिंटर पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात. मला ती थाप वाटली. पण ते खरं आहे. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २००५ साली एका प्रिंटरच्या ठिपक्यांची उकल केली, तेव्हा त्यांत यंत्राचा सिरियल नंबर आणि छापल्याची तारीख-वेळ सापडली. नकली नोटा छापणाऱ्यांना पकडायला ही युक्ती केलेली. काका निळी टॉर्च आणि भिंग घेऊन आमच्याकडे आले आणि त्यांनी आमचं किराण्याच्या यादीचं पान तपासलं. ठिपके दिसले की नाही यावर त्यांचं आणि माझं एकमत झालं नाही. पण तूरडाळ, रवा, गूळ यांच्यामध्ये आपल्या यंत्राचा नंबर असू शकतो, या विचाराने ते गंभीर झाले.

"म्हणून तं पिवळा लवकर संपते तुमचा," ते म्हणाले.

एवढ्याशा ठिपक्यांनी डबा रिकामा होत नसतो, हे मी त्यांना सांगितलं. पण संध्याकाळी पडद्यावर खरंच अक्षरं उमटली, की पिवळा संपत आला आहे. काकांचा दरारा गल्लीत वाढला. त्यांनीच पुढचा उपाय सांगितला: डबा बाहेर काढून हलवायचा, उरलेली पूड सारखी पसरते. उपाय बरोबरच आहे, पण हलवायचा असतो हलक्या हाताने, आडवा धरून. काकांनी पिवळा तर हलवलाच, आणि पुढचं काम आत्ताच उरकावं म्हणून मॅजेंटाही. उभा धरून. जोरात.

मॅजेंटाची भुकटी हवेत काय सुंदर पसरते म्हणून सांगू! काकांचं पांढरं बनियान, आईची उशी, फरशी, माझा चष्मा. सौ. झाडू घेऊन धावली, तिला मी थांबवलं, घासायचं नसतं. व्हॅक्युम क्लिनरही नको, इतकी बारीक पूड त्याच्या गाळणीतून आरपार जाते आणि मागून पुन्हा खोलीभर उडते. ओल्या फडक्याने अलगद टिपायचं आणि कपडे थंड पाण्यात धुवायचे. गरम पाण्यात अजिबात नाही, कारण ही भुकटी उष्णतेने वितळून चिकटण्यासाठीच जन्माला आलेली असते.

थंड पाणी. मे महिना, दुपारचे तीन, टाकी गच्चीवर. नळ सोडला तर चहाला आधण ठेवावं असं पाणी. शेवटी काकांचं बनियान आम्ही माठातल्या पाण्याने धुतलं. वाळा घातलेल्या माठातल्या. काका उघडेच बसून आंब्याचं पन्हं पीत होते आणि आई त्यांना विचारत होती, "भाऊजी, काळा पण हलवायचा राहिला का?"

बनियान फिकट गुलाबी झालं. ते अजून वापरतात.

पिवळा त्यानंतर थोडे दिवस तगला आणि पावसाळ्यात पुरता संपला. आणि तेव्हा या यंत्राने आपला स्वभाव दाखवला: पिवळा नाही म्हणून काळंही छापणार नाही म्हणे! मी साधा अर्ज काढत होतो, ग्रेस्केलमध्ये, त्यात पिवळ्याचा काय संबंध? पण नाही. एक भाऊ रुसला की चौघंही जेवत नाहीत. निमूटपणे बर्डीवर जाऊन पिवळा आणला. किंमत सौ.ला सांगितलेली नाही. ती हा लेख वाचणार आहे म्हणून इथेही सांगत नाही.

डबा बसवला त्याच संध्याकाळी गल्लीतली पोरं आली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीचे पुतळे मिरवणुकीने निघतात, काळी आणि पिवळी, आणि सोबत बडग्ये. ज्याचा त्याचा राग काढायला केलेले पुतळे, गळ्यात फलक अडकवलेले. पोरांना त्यांच्या बडग्यासाठी फलक हवा होता. पूर्ण पिवळी जमीन आणि वर काळी ठसठशीत अक्षरं.

"काका, मोठा पाहिजे. आठ पानं जोडून. पेनड्राइव्हवर आणलं आहे."

आठ पानं. पाच टक्के सोडा, पंच्याण्णव टक्के पिवळी. शिवाय हा प्रिंटर पानाच्या कडेपर्यंत छापत नाही, चारी बाजूंनी पांढरी किनार सोडतो. म्हणजे ती कापून मग जोडायचं, हे काम माझ्याच माथी येणार. मी त्यांना पाच टक्क्यांचा सिद्धांत समजावून सांगायला सुरुवात केली. पोरं ऐकून राहिली होती, मोठ्याने तर मानही डोलावली. मग विचारलं, "काका, बडग्या कशावर करायचा ते अजून ठरलं नाही. तुम्हाला काही सुचते का?"

मी कपाटातून कात्री आणि सेलोटेप काढला. एक ओळ मी घालीन, बाकी तुमचं, असा सौदा ठरला. रंग पूर्ण, क्वालिटी बेस्ट. आतून सौ.चा आवाज आला, "ग्रेस्केल का?" मी म्हटलं, "नाही! कलर!" आणि फ्युझर तापला, ट्यूबलाइट मिचकावली, आणि आठ पिवळीजर्द, गरमागरम पानं एकामागून एक बाहेर आली. काकांनी गुलाबी बनियानात उभं राहून ती जोडून धरली, आणि पोरांनी चाल लावून तिथेच म्हणून पाहिली:

"ईडा पीडा, खोकला खरूज, जादू-टोनर, घेऊन जाऽऽ गे मारबत!"