‘माशांसाठी धरणं फोडायची?’ : मधुकररावांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मधुकरराव, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस थांबलो आणि मगच लिहायला बसलो. उभी नोकरी कोयनेवर काढलेल्या माणसाला, अमेरिकेतल्या स्नेक नदीवरची चार धरणं काढून टाका म्हणणारा माझा लेख खटकणार, हे मी समजू शकतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तीन हजार मेगावॉटची बिनधुराची वीज, नदीत जन्मून समुद्रात जाणाऱ्या आणि अंडी घालायला परतणाऱ्या सॅमन माशापायी घालवणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे, या धरणांवर माशांसाठी शिड्या आहेत आणि शंभरातली पंच्याण्णव-शहाण्णव पिल्लं धरण सुखरूप पार करतात, आणि मी नफ्यातोट्याचा हिशेब न मांडता नुसत्या भावनेवर लिहिलं. यातला शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. लेखात आकडे नव्हते, ते आता मांडतो.

आइस हार्बर, लोअर मॉन्युमेंटल, लिटल गूस आणि लोअर ग्रॅनाइट या चौघांची स्थापित क्षमता 3,033 मेगावॉट आहे. वर्षाची सरासरी काढली तर हाती येते ती हजार मेगावॉटच्या आसपास. यात चालवणाऱ्यांचा दोष नाही. तुमच्या कोयनेत पावसाळ्याचं 105 टीएमसी पाणी साठवता येतं आणि दिवेलागणीला मागणी चढली की सोडता येतं. लोअर ग्रॅनाइटच्या जलाशयाची पातळी मात्र अवघ्या पाच फुटांत वरखाली करता येते. वसंतात डोंगरातला बर्फ वितळला की वीज भरपूर, उन्हाळा सरताना ती रोडावते. तरी मी तिला कमी लेखत नाही. कडाक्याच्या थंडीत, ऐन मागणीच्या तासांना ही धरणं जोर लावतात आणि तेवढ्या भरवशाची वीज दुसरीकडून आणणं हेच सगळ्यात महाग काम आहे. सिनेटर पॅटी मरे आणि वॉशिंग्टन राज्याचे तेव्हाचे गव्हर्नर जे इन्सली यांच्यासाठी 2022 मध्ये झालेल्या अहवालाने वीज, मालवाहतूक आणि सिंचन या सगळ्याला पर्याय उभा करण्याचा खर्च 1,030 कोटी ते 2,720 कोटी डॉलर धरला. धरणांना हात लावण्याआधी हे पर्याय उभे झाले पाहिजेत, असंही त्यात स्पष्ट म्हटलं होतं. हा क्रम माझ्या लेखात आला नाही. ती चूक माझी.

आता तुमचे शहाण्णव टक्के. आकडा खरा आहे, पण तो एका धरणाचा आहे. वसंतात उतरणाऱ्या पिल्लांसाठी दर धरणामागे 96 आणि उन्हाळ्यात उतरणाऱ्यांसाठी 93 टक्के असं ते उद्दिष्ट. आयडाहो राज्यातून निघालेल्या पिल्लाला स्नेकवरची चार आणि पुढे स्नेक जिला मिळते त्या कोलंबिया नदीवरची चार अशी आठ धरणं ओलांडावी लागतात. 96 टक्के आठ वेळा लावून पाहा: 72 उरतात. 93 लावले तर 56. तुम्ही इंजिनिअर आहात, ओळीने बसवलेल्या आठ यंत्रांची एकूण कार्यक्षमता कशी काढतात हे मी तुम्हाला सांगायला नको.

आणि हे फक्त भिंत ओलांडण्याचं झालं. दोन भिंतींमध्ये जो फुगवटा आहे, त्याचं काय? सॅमनचं पिल्लू प्रवाहाच्या जोरावर समुद्राकडे वाहत जातं. वाटेत त्याचं शरीर खाऱ्या पाण्यासाठी बदलत असतं आणि त्या बदलाला ठरावीक मुदत असते. संथ पाण्यात ते रेंगाळतं, थकतं, मोठ्या माशांच्या तोंडी पडतं. पाणी तापतं ते वेगळंच. 2015 च्या उन्हाळ्यात कोलंबियाच्या खोऱ्यात परत येणारे सॉकआय सॅमन कोमट पाण्यात लाखांनी मेले. आयडाहोतलं रेडफिश सरोवर समुद्रापासून जवळपास 1,450 किलोमीटर दूर आणि दोन हजार मीटर उंचीवर आहे. तिथे 1992 मध्ये एकच नर सॉकआय परत पोहोचला. एक. लोकांनी त्याला ‘लोनसम लॅरी’ नाव दिलं. हे वाचून मी भावनिक होतो, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

‘दोष समुद्राचा असेल’ असंही तुम्ही लिहिलंत. समुद्राचा वाटा आहेच. पण कोलंबियालाच मिळणाऱ्या जॉन डे नदीतले चिनूक जातीचे सॅमन त्याच समुद्रात जातात, त्याच मुखातून परततात, त्यांच्या वाटेत फक्त तीन धरणं आहेत. समुद्राकडे गेलेल्या शंभरांपैकी निदान दोन मासे परतले तर वंश टिकतो. जॉन डेचे मासे हा उंबरठा सहसा ओलांडतात, स्नेकचे रानटी चिनूक बहुतेक वर्षी त्याच्या खालीच राहतात. समुद्र एकच असताना हा फरक कशाने पडतो, याचं उत्तर वाटेतच शोधावं लागतं.

गहू वाहून नेणाऱ्या बार्जबद्दल, म्हणजे सपाट मालवाहू नावांबद्दल, फार लिहीत नाही. या धरणांमुळे समुद्रापासून साडेसातशे किलोमीटर आत असलेलं लुइस्टन बंदर झालं, शेतकऱ्यांना स्वस्त वाहतूक मिळाली. तो गहू रेल्वेने नेता येतो. खर्च वाढेल आणि तो शेतकऱ्याच्या माथी मारता कामा नये. आइस हार्बरच्या जलाशयातून पाणी उचलणाऱ्यांचे पंप आणि पाइप खालच्या पातळीपर्यंत न्यावे लागतील. ही पैशाने सुटणारी कामं आहेत.

जे पैशाने सुटत नाही, त्याच्यापाशी माझा हिशेब येऊन थांबतो. 1855 च्या करारांत नेझ पर्स, उमाटिला, याकामा आणि वॉर्म स्प्रिंग्ज या तिथल्या मूळनिवासी लोकांनी प्रचंड मोठा प्रदेश सोडला आणि पूर्वापार जागी मासेमारी करण्याचा हक्क राखला. मासाच उरला नाही तर त्या हक्काला काय अर्थ? ते देणं आहे, मधुकरराव, आणि खतावणीत ते कुठेच दिसत नाही. कोयनेचे धरणग्रस्त दशकानुदशकं पुनर्वसनासाठी आंदोलनं करत आले. त्यांचं देणं आपण विजेच्या युनिटमागे कधी धरलं होतं का?

तरीही सगळी धरणं पाडा, असं मी म्हणत नाही. कोयना तर नाहीच, कोलंबियावरचं ग्रँड कुली हे प्रचंड धरणही नाही. कॅलिफोर्निया आणि ऑरेगनमधल्या क्लॅमथ नदीवर अशी चार धरणं काढून टाकली गेली, त्यांची क्षमता मिळून 163 मेगावॉट होती. परवान्याचं नूतनीकरण करायचं तर माशांसाठी वाट करून देणं भाग होतं आणि ते ग्राहकांना धरणं काढण्यापेक्षा महाग पडलं असतं. म्हणून तिथे आकड्यांनीच निकाल दिला. 2024 मध्ये काम पुरं झालं आणि त्याच शरद ऋतूत सॅमन शंभराहून जास्त वर्षांनी ऑरेगनमधल्या वरच्या पाण्यात पोहोचले. स्नेकचं गणित याहून कितीतरी अवघड आहे. तिथे काँक्रीट तसंच ठेवून बाजूचा मातीचा भराव काढावा असा प्रस्ताव आहे, पण त्याआधी हिवाळ्यातल्या त्या तासांची सोय हवी.

मूळ लेखात ‘ताबडतोब’ हा शब्द होता. तो मी आज काढला आहे आणि तुमच्या आक्षेपामुळे काढला, अशी टीपही दिली आहे. आता माझा एक प्रश्न: पाच फुटांच्या चढउतारावर चालणारं असं वीजघर थंडीच्या लाटेत सलग किती दिवस पुरी क्षमता देऊ शकेल? तुमच्या अनुभवावरून सांगा. तुमचं उत्तर लेखात तुमच्या नावानिशी घालीन.