नाट्यगृहाच्या वादात आवाज कुठे आहे?

पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर पाडायचं की राखायचं, हा वाद व्हॉट्सअ‍ॅपवरून जर्मनीत, हॅम्बुर्गला माझ्यापर्यंत पोहोचतो. त्यात पार्किंग असतं, प्रसाधनगृहं असतात, जागेचा भाव असतो. तिथे गाणं कसं ऐकू येणार, यावर अवाक्षर नाही. आणि मग कुणीतरी लिहितंच, ‘तुमच्याकडे बघ, काय एल्बफिलहार्मोनी बांधलीय!’

बांधलीय खरी. एल्बफिलहार्मोनी हे हॅम्बुर्गचं संगीत सभागृह. बंदरात कोको, चहा, तंबाखू साठवायचं विटांचं जुनं गोदाम होतं. हर्झोग आणि द म्यूरॉन या स्विस वास्तुविशारदांनी त्याच्या डोक्यावर लाटांसारख्या छपराची काचेची इमारत चढवली. फोटोत तीच मिरवते. खरी करामत मात्र आतल्या भिंतींवर आहे. जिप्समच्या सुमारे १०,००० फळ्या, प्रत्येकीवर वेगळे खळगे कोरलेले. लांबून प्रवाळ वाटावं असं हे काम शोभेचं नाही. आवाज कुठे किती विखुरायचा, हे यासुहिसा टोयोटा या जपानी ध्वनितज्ज्ञाने सांगितलं आणि त्यातून भिंतीचं रूप ठरलं. सभागृहात २,१०० माणसं मावतात, पण वाद्यवृंदाच्या संचालकापासून ३० मीटरपलीकडे कुणीच बसत नाही. जहाजांचे भोंगे आत येऊ नयेत म्हणून अख्खं सभागृह स्प्रिंगांवर तोललंय.

आता हिशेब. करदात्यांच्या वाट्याचा खर्च आधी ७.७ कोटी युरो सांगितला होता. २०१७ मध्ये दारं उघडेपर्यंत तो ७८.९ कोटींवर गेला. मधल्या काळात विधिमंडळाची चौकशी समितीही बसली. तेव्हा नक्कल नकोच. शिवाय ही जागा पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी घडवलेली. सुरांना खुलवणारा तिथला रेंगाळता नाद द्रुत तीनतालातले तबल्याचे बोल एकमेकांत कालवून टाकेल, असं मला वाटतं.

आपल्या गाण्याला काय मानवतं, याचा नमुना आपल्याकडेच होता. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ चं, म्हणजे माइक येण्याआधीचं. नटाला शेवटच्या रांगेपर्यंत गळ्यानेच पोहोचावं लागे. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं, तेव्हा ‘होतं तसंच उभारू’ अशी ग्वाही मिळाली. दिसायला तसंच की ऐकायलाही?

बालगंधर्व पाडू नये, असं माझं मत. १९६८ ची ती वास्तू दुरुस्तीने सुधारता येईल. पण पाडा किंवा राखा, ध्वनितज्ज्ञ पहिल्या नकाशापासून सोबत हवा. आपल्याकडे खुर्च्या बसवून, रंग देऊन झाला की स्पीकरवाल्याला बोलावतात आणि आवाज घुमला की खापरही त्याच्याच माथी फोडतात. काम ताब्यात घेण्याआधी माइक बंद ठेवून रंगमंचावर एक पद गाऊन घ्यावं. शेवटच्या रांगेत ठेकेदार आणि आयुक्तांना बसवावं. शब्द कळले तरच बिल मंजूर करावं.