‘पिशवी काढून मोकळ्या व्हा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या सिडकोपासून सिन्नरपर्यंत बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. आमच्या नात्यातल्या तिशीच्या आतल्या एका मुलीला तो तिच्या सासूबाईंनीच पाठवला, तोही तिच्या हातात बायोप्सीचा रिपोर्ट असताना. म्हणून हे लिहिणं भाग पडलं. मजकूर थोडक्यात असा: पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कुठल्याही स्टेजचा असो, तपासण्यांत वेळ घालवू नका, पिशवी आणि दोन्ही ओव्हरी काढून मोकळ्या व्हा. जेवढं जास्त काढाल तेवढं सुरक्षित. नुसता तोंडाचा तुकडा काढला तर सुरी लागून कॅन्सर पसरतो. तोंड काढल्यावर मूल राहत नाही. आणि रोज तुरटीच्या पाण्याने धुवा.

तुरटी कपाटात ठेवा. त्या पाण्याने आतली त्वचा चरचरते, कॅन्सरच्या पेशीला काही होत नाही.

सगळ्यात घातक वाक्य आहे ‘तपासण्यांत वेळ घालवू नका’. आपल्याकडे पांढरं जातंय, अंगावरून जास्त जातंय म्हणून पॅप (पिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) किंवा बायोप्सी न करता पिशवी काढली जाते, आणि कॅन्सर होता हे नंतर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात कळतं. साध्या ऑपरेशनमध्ये पिशवी तोंडाला अगदी लगटून काढतात. आजूबाजूचं पॅरामेट्रियम (तोंडाला बाजूंनी धरून ठेवणारं मऊ आवरण) आणि योनीचा वरचा भाग आतच राहतो. गाठ मोठी असेल तर सुरी थेट कॅन्सरमधून जाते. मग उरतं रेडिएशन, आणि तेही अवघड होऊन बसलेलं. पिशवी जागेवर असताना तिच्या पोकळीत नळी घालून आतून नेमका डोस देता येतो. पिशवी गेल्यावर ती नळी घालायला जागाच नसते. शिवाय रिकाम्या ओटीपोटात आतडी उतरून चिकटतात, त्यांना रेडिएशनचा मार बसतो आणि जुलाब, रक्त पडणं, आतड्याला अडथळा असे त्रास मागे लागतात. नीट तपासणी आणि एमआरआयसाठी दोन-तीन आठवडे गेले म्हणून या आजारात काही बिघडत नाही. घाईघाईत चुकीचं ऑपरेशन झालं तर मात्र बिघडतं.

आता ‘नुसता तुकडा’. त्याचं नाव कोनायझेशन. पिशवीच्या तोंडाचा शंकूच्या आकाराचा भाग, तोंडातून पिशवीत जाणाऱ्या कालव्याच्या आतपर्यंत, एकसंध काढायचा. घड्याळातल्या बाराच्या जागी टाका घालून दिशा दाखवायची, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला कुठली कड कुठली ते कळतं. शंकूच्या वर उरलेल्या कालव्यातलं खरवडून वेगळ्या बाटलीत पाठवायचं. लूपने (विजेवर तापणाऱ्या तारेच्या फासाने) चार तुकडे करून काढलं किंवा कडा जाळल्या, तर खोली मोजता येत नाही आणि सगळा खटाटोप वाया जातो. कॅन्सर 3 मिलिमीटरपर्यंतच खोल शिरलेला असेल (स्टेज 1ए1), रक्त-लसिका वाहिन्यांत पेशी नसतील आणि कडा स्वच्छ असतील, तर हाच शंकू म्हणजे पूर्ण उपचार. अशा वेळी कॅन्सर लिम्फच्या गाठींपर्यंत पोचण्याची शक्यता 1 टक्क्याहूनही कमी असते. कडेला आजार सापडला तर आधी पुन्हा शंकू काढायचा, मग ठरवायचं. वाहिन्यांत पेशी असतील तर ओटीपोटातल्या या लिम्फच्या गाठी तपासाव्या लागतात.

त्रास होतच नाही असंही नाही. दुसऱ्या आठवड्यात खपली सुटताना रक्त जाऊ शकतं. तासाला एक पॅड भिजायला लागलं तर थेट हॉस्पिटल. चार ते सहा आठवडे संबंध नकोत, जड उचलणं नको. काहींचं तोंड पुढे आकसतं आणि पाळीचं रक्त आत अडकून पोट दुखतं.

‘जास्त काढाल तेवढं सुरक्षित’ हे तर पुराव्यानेच खोडलंय. 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये शेप नावाच्या ट्रायलचे (दोन उपचारांची रुग्णांवर तुलना करणाऱ्या अभ्यासाचे) निकाल आले. 2 सेंटिमीटरपर्यंतची, फार खोल न गेलेली गाठ असलेल्या 700 बायका. निम्म्यांचं मोठं रॅडिकल ऑपरेशन, म्हणजे पिशवीसोबत पॅरामेट्रियम आणि योनीचा वरचा भागही काढायचा, निम्म्यांचं साधं. तीन वर्षांत ओटीपोटात आजार परतला मोठ्या ऑपरेशननंतर 2.17 टक्के आणि साध्यानंतर 2.52 टक्के बायकांमध्ये. व्यवहारात फरक नाहीच. लघवी अडकणं आणि गळणं मात्र साध्या ऑपरेशनमध्ये कमी. आता मेसेजवाले म्हणतील, पिशवी तर दोन्हीकडे काढलीच ना! काढली. आणि मूल नको असेल तर पिशवी काढणं योग्य पर्याय आहे, एवढं त्यांना देऊन टाकू. पण स्टेज ठरवून, लिम्फच्या गाठी तपासून.

सुरी लागून पसरतो? बायोप्सीने किंवा शंकू काढल्याने पसरत नाही. यात अर्धं खरं एकच: 2018 च्या लॅक ट्रायलमध्ये दुर्बिणीतून रॅडिकल ऑपरेशन केलेल्यांत साडेचार वर्षांनी 86 टक्के बायका आजारमुक्त होत्या, पोट उघडून केलेल्यांत 96.5 टक्के. म्हणून रॅडिकल ऑपरेशन ‘टाक्याशिवाय’ करून देतो म्हणणाऱ्याला हा आकडा जरूर विचारा.

मुलाचं म्हणाल तर फ्रान्सच्या डॅनिएल दार्जाँ यांनी 1987 पासून ट्रॅकेलेक्टॉमी सुरू केली. तोंड, पॅरामेट्रियम आणि योनीचा वरचा भाग काढायचा, पिशवीचं शरीर ठेवून योनीला जोडायचं, वर न विरघळणाऱ्या धाग्याचा कायमचा टाका. लिम्फच्या गाठी आधी तपासायच्या. त्यात कॅन्सर निघाला तर हे ऑपरेशन नाही. कॅन्सरची गाठ साधारण 2 सेंटिमीटरपर्यंत हवी, न्यूरोएंडोक्राइन हा दुर्मिळ, आक्रमक प्रकार नको. नंतर मूल राहतं, पण गर्भपात आणि वेळेआधी बाळंतपणाचा धोका वाढतो, आणि डिलिव्हरी सिझेरियननेच.

ओव्हरी? सुरुवातीच्या स्टेजच्या स्क्वॅमस (सगळ्यात जास्त आढळणाऱ्या) प्रकारात तिथे आजार सापडणं 1 टक्क्याहून कमी. तिशीतल्या बाईची उगाच पाळी घालवून हाडं ठिसूळ का करायची?

सासूबाईंना काही फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा: रिपोर्टात खोली, रुंदी, प्रकार, ग्रेड, वाहिन्यांतल्या पेशी आणि कडा हे सगळं लिहिलंय का ते बघा. नसेल तर लॅबमधून स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक मागून घ्या आणि पंचवटी एक्सप्रेसने परळच्या टाटाला नेऊन दुसरं मत घ्या. ऑपरेशनची तारीख त्यानंतर.