प्रतिक्रियेला उत्तर: ऑगस्टमध्ये भिगवणला वेडर्स का दिसले नाहीत?

नमस्कार,

‘ऑगस्टपासून वेडर्स येतात हे वाचून भिगवणला गेलो, नुसतं पाणी बघून परत आलो. नावाडी म्हणाले, डिसेंबरनंतर या. लोकांना कशाला पळवता? त्यापेक्षा अलिबागला जावं,’ असं तुम्ही लिहिलंत. पेट्रोल जाळून, पहाटे उठून गेल्यावर असा राग येणारच. तरी ऑगस्टबद्दल मी ठाम आहे: वेडर्स, म्हणजे चिखलात आणि उथळ पाण्यात चरणारे स्थलांतरित पक्षी, तोवर येऊ लागलेले असतात.

त्यांचा उत्तरेकडचा विणीचा हंगाम फार आखूड असतो. हिरव्या तुतवाराची (ग्रीन सँडपायपर) मादी तर बऱ्याचदा पिल्लं नरावर सोपवून आधीच दक्षिणेची वाट धरते. त्यामुळे जुलै सरता सरता पहिले तुतवार आपल्याकडे उतरतात. पण ते उतरतात उथळ पाण्यात, आणि ऑगस्टमध्ये भिगवणला उथळ असं फारसं काही उरत नाही. खडकवासल्याचा विसर्ग वाढल्याची बातमी आपण वाचतो, ते पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनी धरणातच जातं, आणि भिगवण त्याच धरणाच्या जलाशयाकाठी आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी जलाशय तुडुंब भरतो आणि काठाचा सगळा चिखल बुडतो. छोट्या टिलव्याला (लिटल स्टिंट) बोटभर पाणीसुद्धा जास्त होतं, तो तिथे उभा कुठे राहणार?

पुढे रब्बीची आवर्तनं सुटतात, पाणी मागे सरकतं आणि रोज नवा ओला पट्टा उघडा पडतो. अळ्या, किडे त्याच पट्ट्यात असतात. मागचा चिखल वाळून भेगाळतो. म्हणून भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळच्या काठाला जानेवारीपासून खरी गर्दी होते. माझा सगळ्यात आवडता काळ मात्र मार्चअखेर ते एप्रिल. परतीला निघालेल्या पाणटिवळ्यांच्या (गॉडविट) माना तेव्हा विटकरी होऊ लागतात. ऊन कडक असतं, पण तो रंग डिसेंबरात दिसत नाही.

नावाड्यांचंही बरोबरच आहे. त्यांच्याकडे बहुतेक लोक रोहित (फ्लेमिंगो) बघायला येतात. वेडर्ससाठी होडीपेक्षा काठावरून, लांबून, स्कोपने (तिवईवरच्या दुर्बिणीने) बघावं. प्रवासाआधी चरबी साठवणाऱ्या पक्ष्यांना फोटोसाठी उडवणं मला अजिबात पटत नाही.

ऑगस्टमध्ये कुठे जायचं? सासवड, यवतकडच्या पाझर तलावांची उथळ टोकं, ओढे, शेतात साचलेलं पाणी. विसर्ग थांबून मुळा-मुठेवरच्या कवडीपाटला बंधाऱ्याखालचे खडक उघडे पडले, की तिथेही.

अलिबागला जरूर जा, कुरल (कर्ल्यू) तिथेच बघावा. पण हिरवा आणि ठिपकेवाला तुतवार गोड्या पाण्यातच रमतात. शिवाय तिथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहावं लागतं, इथे पाटबंधारे खात्याचं. समुद्र दिवसातून दोनदा चिखल उघडा करतो, धरण वर्षातून एकदा.

तेव्हा पुढच्या खेपेला महिना ठरवण्याआधी उजनीच्या साठ्याची टक्केवारी बघा. ती उतरत असेल तर सकाळी लवकर, सूर्य पाठीशी ठेवून डिकसळच्या काठाने चाला.