कन्फ्यूशियसच्या नावाखाली मुलांना मार खायला शिकवू नका

'चीनच्या यशाचं गुपित' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला. धाकट्या भावाने टाकला आणि खाली नववीतल्या मुलाला उद्देशून लिहिलं, 'नीट वाच.' तेव्हापासून डोकं तापलंय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. प्राचीन चिनी विचारवंत कन्फ्यूशियस याने चिन्यांना शिकवलं की राजाला आणि वडिलांना उलट बोलायचं नाही. त्याचा शिष्य झेंगझी बापाच्या माराने बेशुद्ध पडला, पण शुद्धीवर येताच बापाचीच विचारपूस करून वीणा वाजवत बसला. चीन अडीच हजार वर्षं या एकाच विचारावर चालला, बाहेरचं काही घेतलं नाही. म्हणून आज तो महासत्ता आहे.

झेंगझीची गोष्ट आधी घेते, कारण ती वाचून कुणी तरी पोराच्या अंगावर हात टाकेल.

गोष्ट खरोखर जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीच्या काळातल्या संग्रहांत ती सापडते. घडली तशीच असेल असं नाही, पण कन्फ्यूशियसच्या परंपरेने ती जपली ती कशासाठी, ते बघा. झेंगझी खरबुजाच्या शेतात खुरपत होता. चुकून एका वेलाचं मूळ कापलं गेलं. बापाने जाड सोटा उचलून पाठीत घातला. पोरगं कोसळलं, बराच वेळ शुद्ध नाही. उठल्यावर बापापुढे जाऊन म्हणालं, 'मला शिकवताना तुम्हाला त्रास तर झाला नाही ना?' मग खोलीत जाऊन तंतुवाद्य वाजवू लागलं, आपण ठीक आहोत हे बापाला ऐकू जावं म्हणून.

मेसेज इथे संपतो. गोष्ट इथे संपत नाही. कन्फ्यूशियसला हे कळलं तेव्हा तो संतापला. 'तो आला तर आत घेऊ नका,' असं त्याने शिष्यांना सांगितलं. झेंगझीला आपलं काय चुकलं तेच कळेना, म्हणून त्याने माणूस पाठवून विचारलं. गुरूने शुन या प्राचीन राजाचा दाखला दिला. शुनचा बाप दुष्ट होता. कामासाठी हाक मारली की शुन हजर असायचा, पण बाप जिवावर उठला की कधी हाती लागायचा नाही. बारीक काठी असेल तर सोसायची, मोठा सोटा असेल तर पळायचं. तू मात्र रागाने बेभान झालेल्या बापापुढे अंग टाकून उभा राहिलास. मेला असतास तर बापाच्या माथी पाप आलं असतं. याहून मोठा पितृद्रोह कोणता? झेंगझीने चूक कबूल केली आणि गुरूची क्षमा मागितली.

म्हणजे ज्या वागण्याबद्दल गुरूने शिष्याला दारातून परतवायला सांगितलं, तेच वागणं मेसेज आदर्श म्हणून मुलांपुढे ठेवतो. गोष्ट अर्ध्यावर तोडणाऱ्याने ती पुढे वाचली नसेल, किंवा वाचून लपवली असेल. दोन्हींत मला फारसा फरक वाटत नाही.

एकाच गोष्टीवर विसंबायचं नसेल तर 'श्याओचिंग' घ्या. पितृभक्तीवरचा हा मूळ ग्रंथ, चीनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतलेला. त्याच्या पंधराव्या प्रकरणात हाच झेंगझी विचारतो, वडिलांची आज्ञा पाळणं म्हणजेच पितृभक्ती का? कन्फ्यूशियस म्हणतो, 'हे काय बोलतोस! हे काय बोलतोस!' मग सांगतो की सम्राटाजवळ तोंडावर विरोध करणारे सात मंत्री असले तर तो भरकटला तरी राज्य जात नाही, आणि बापाला अडवणारा मुलगा असला तर बाप अधर्मात पडत नाही. अन्याय दिसला की मुलाने बापाला आणि मंत्र्याने राजाला रोखलंच पाहिजे. भक्तीच्या ग्रंथात इतकं स्वच्छ लिहिलंय.

मेसेजमध्ये काहीच खरं नाही असं म्हणता येत नाही, एवढं नाइलाजाने मान्य करते. 'लुन्यू' या कन्फ्यूशियसच्या वचनांच्या संग्रहातही आईबापांना सौम्यपणे सांगा, त्यांनी ऐकलं नाही तरी आदर सोडू नका, असा सल्ला आहे. पुढच्या राजवटींनी तर बापाचा अधिकार कायद्यातच ओतला. 653 सालच्या तांग संहितेत आईबापांविरुद्ध फिर्याद करणाऱ्या मुलाला फाशी होती. विधवेने उपाशी मरावं पण पुनर्विवाह करू नये, हेही याच परंपरेतले पंडित सांगत आले. पण यात मिरवण्यासारखं काय आहे?

राजाबद्दलचा मुद्दाही तसाच. राजाची सेवा कशी करावी, असं शिष्य झिलूने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की त्याला फसवू नकोस, पण तोंडावर विरोध कर. त्याच्याच परंपरेतला पुढचा विचारवंत मेन्शियस तर म्हणाला की जुलमी राजाला मारणं म्हणजे राजहत्याच नव्हे. मिंग घराण्याच्या संस्थापकाला हे इतकं झोंबलं की 1394 मध्ये त्याने मेन्शियसच्या ग्रंथातले 85 उतारे कापून टाकले. त्याच घराण्याच्या काळात, 1566 मध्ये, हाय रुई नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाचे दोष दाखवणारा अर्ज दिला. त्याआधी त्याने स्वतःसाठी शवपेटी विकत घेतली होती, असं सांगतात. मंत्र्याने राजाच्या, मुलाने बापाच्या आणि बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, ही कडक सूत्री हान फेइच्या नावावरच्या ग्रंथात आहे. हान फेइ दंडनीतिवादी, म्हणजे कडक कायदा आणि शिक्षा यांवर राज्य चालवावं म्हणणारा, कन्फ्यूशियसवाद्यांचा कडवा टीकाकार. ती पुढे हान काळात कन्फ्यूशियसच्या पंथात मिसळली.

त्यामुळे 'एकच विचार' हेही टिकत नाही. हान सम्राट श्वान याने युवराजाला बजावलं होतं की आपलं घराणं दंडनीती आणि धर्मनीती यांच्या मिश्रणावर चालतं. ताओ मत तर शेजारीच नांदत होतं. आणि बाहेरचं घेतलं नाही? बौद्ध धर्म कुठून गेला मग? ह्युएन त्संग सातव्या शतकात ग्रंथांसाठी भारतभर हिंडला, पुलकेशीच्या काळातल्या महाराष्ट्राचं वर्णन लिहून गेला, 645 मध्ये शेकडो ग्रंथ घेऊन परतला. बौद्ध धर्मावर चीनमध्ये हल्ले झाले, 845 मध्ये तर हजारो मठ पाडले गेले. तरी बाराव्या शतकात चू शी या पंडिताने कन्फ्यूशियसच्या विचाराची जी नवी मांडणी केली, तिच्यावर बौद्ध तत्त्वज्ञानाची दाट छाया आहे, आणि तीच मांडणी 1905 पर्यंत सरकारी परीक्षांना लागू होती.

राहिला महासत्तेचा मुद्दा. 1919 च्या सुमाराला चिनी तरुण नेमकं उलट सांगत होते की देश मागे पडला तो कन्फ्यूशियसमुळे. 1966 मध्ये रेड गार्ड्‌सनी, म्हणजे माओच्या तरुण अनुयायांनी, छूफूला, त्याच्या जन्मगावी, मंदिराची नासधूस केली आणि थडगी उकरली. 1974 मध्ये त्याच्याविरुद्ध देशभर मोहीम चालली. आर्थिक सुधारणा 1978 च्या शेवटी सुरू झाल्या. अडीच हजार वर्षांची आज्ञाधारकता हेच जर कारण, तर गेल्या शतकात तिने चीनला दुष्काळ आणि दारिद्र्यातून का वाचवलं नाही, याचं उत्तर मेसेज लिहिणाऱ्याने द्यावं.