कौतुक नको, नियम बदला

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने ऑक्टोबर 2022 मध्ये एक निर्णय जाहीर केला. मधल्या आणि ज्येष्ठ पातळीवरच्या संशोधकांसाठीची 'इन्व्हेस्टिगेटर' अनुदानं 2023 पासून स्त्रिया आणि पुरुषांना समान संख्येने मिळू लागली. भारतातल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांशी त्यावर आजही वाद होतो. काहींना वाटतं, गुणवत्तेचा बळी गेला. काही म्हणतात, याची गरजच काय? आपल्याकडे सौम्या स्वामिनाथन आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) प्रमुख झाल्या, कलैसेल्वी सीएसआयआरच्या (वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या) झाल्या.

या दुसऱ्या युक्तिवादाने मी जास्त अस्वस्थ होते. दोन-चार थोर नावं पुढे केली की बाकीच्या कुठे अडल्या, हे विचारायचं राहूनच जातं.

आणि गुणवत्ता मोजतं कोण? स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे गुणांकनाचे कागद दोन शास्त्रज्ञ स्त्रियांनी पाठपुरावा करून मिळवले आणि 1997 मध्ये 'नेचर'मध्ये निष्कर्ष छापले. पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीचपट काम दाखवावं लागत होतं. कॅनडाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथे एका योजनेत परीक्षकांनी प्रामुख्याने संशोधनाचा प्रस्ताव तपासला, दुसरीत प्रामुख्याने संशोधक व्यक्तीला जोखलं. 'लॅन्सेट'मधल्या 2019 च्या अभ्यासानुसार पहिल्या योजनेत स्त्री-पुरुषांच्या यशातला फरक 0.9 टक्के बिंदूंचा होता, दुसरीत तो 4 वर गेला. म्हणजे स्त्रियांचं विज्ञान परीक्षकांना जवळपास तेवढंच पटत होतं. 'ही पुढे नेतृत्व करेल' यावर विश्वास बसत नव्हता.

परदेशात सगळं आलबेल आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या परिषदेने 2017 पासून थोडक्यात हुकलेल्या स्त्रियांचे अर्ज वेगळ्या निधीतून उचलून धरले. तरीही वरच्या पातळीवरची तफावत गेली नाही, कारण तिथपर्यंत पोचून अर्ज करणाऱ्या स्त्रियाच कमी होत्या. दोन-तीन वर्षांच्या करारांवर मधली वर्षं काढताना अनेकजणी संशोधन सोडतात. म्हणून शेवटी नियमालाच हात घालावा लागला.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो याच परिषदेचा दुसरा, कमी गाजलेला बदल: शोधनिबंधांची एकूण संख्या न मोजता गेल्या 10 वर्षांतले सर्वोत्तम 10 निबंध पाहायचे आणि बाळंतपणासाठी किंवा कुणाच्या आजारपणासाठी काम थांबलं असेल, तर तेवढा काळ त्या 10 वर्षांत वाढवून द्यायचा. आपल्याकडे अनेक फेलोशिप आणि पुरस्कार जन्मतारखेवर अडतात. मग स्त्रियांना वयाची सवलत आणि 'पुनरागमना'च्या वेगळ्या योजना दिल्या जातात. त्या योजनांनी अनेकींना प्रयोगशाळेत परत आणलं, हे खरं. पण मुदत संपल्यावर कायम पद मिळण्याची हमी त्यात नाही आणि पद नसलेली स्त्री संचालक होणार कशी?

कमल रणदिवे यांनी 1973 मध्ये सहकाऱ्यांसह भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना उभारली. कर्करोगाच्या संशोधनात आयुष्य घालवलेल्या या बाईंची संघटना वाशीत पाळणाघर आणि वसतिगृहही चालवू लागली. अडचण कुठे आहे, हे त्या पिढीला नेमकं कळलं होतं.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने 2020 मध्ये 'गती' हा उपक्रम ब्रिटनच्या 'अथेना स्वान'च्या, म्हणजे स्त्री-पुरुष समानतेसाठी संस्थांना मानांकन देणाऱ्या योजनेच्या धर्तीवर आणला, 30 संस्थांपासून. ब्रिटनमध्ये 'अथेना स्वान' 2005 पासून होतं, पण वैद्यकीय महाविद्यालयं खडबडून जागी झाली 2011 मध्ये, जेव्हा तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी मोठ्या संशोधन निधीसाठी त्याचं रौप्य मानांकन आवश्यक ठरवलं. कागदपत्रांचा बोजा वाढला म्हणून 2020 मध्ये ती अट गेली. तो बोजाही बहुतेक स्त्रियांनीच वाहिला होता, त्यामुळे ती नक्कल आपण जशीच्या तशी करू नये.

आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाने निदान एवढं करावं: कोणत्या पातळीवर किती स्त्रियांनी अर्ज केले, किती जणींना अनुदान मिळालं आणि किती रुपयांचं, हे संस्थावार दरवर्षी जाहीर करावं. इथली परिषद निकालांसोबत स्त्री-पुरुषांचे आकडे प्रसिद्ध करते. ते समोर होते, म्हणूनच 2022 चा निर्णय तिला टाळता आला नाही.