ओरखडा म्हणजे मळ नव्हे, खाच आहे

महिनाभरापासून आमच्याकडच्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. गाडीवरचा ओरखडा कितीही खोल असो, गाडी उन्हात तापू द्या, पांढरी टूथपेस्ट लावून कोरड्या फडक्याने घासा, वरून खोबरेल तेल फिरवा. तेल गाडीच्या मेणाचंच (वॅक्सचंच) काम करतं. दर आठवड्याला केलं तरी रंगाला काही होत नाही, पेंटरला पैसे कशाला द्यायचे, असं त्यात म्हटलंय.

मी दर्यापूरकडे डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. परवा एक पोरगा बोनेट दाखवायला आला. म्हणाला, "काका, तीनदा घासलं, आता तं पांढरा डागच पडला." म्हणून हे लिहितोय. पेंटरचा धंदा बुडतो म्हणून लिहितोय असं कुणाला वाटेल, पण खाली सांगतो त्यातलं बरंचसं काम तुम्ही घरीच करू शकता.

आधी टूथपेस्टचं. तिने काहीच होत नाही असं मी म्हणणार नाही. तिच्यात खडूची भुकटी किंवा सिलिका असते, त्यामुळे अगदी बारीक रेघा पुसट होतात. पिवळे पडलेले हेडलाइटही काही दिवस उजळतात. पण ती बनवलीय दातांसाठी, आणि दातावरचं कवच हा आपल्या अंगातला सगळ्यात कठीण पदार्थ. गाडीच्या रंगावरचा सगळ्यात वरचा थर, ज्याला आम्ही क्लिअर म्हणतो, तो त्यापुढे फारच मऊ. कंपाउंड म्हणजे गाडीचा रंग घासायची आमची पेस्ट; तिच्यातला दाणा रंगासाठी मोजून-मापून घातलेला असतो, टूथपेस्टमधला तसा नसतो. म्हणून एक रेघ जाते आणि तिच्याजागी धुरकट पट्टा येतो.

"कितीही खोल" हे तर साफ खोटं. पत्र्यावर आधी प्रायमर म्हणजे अस्तराचा थर, मग रंग, मग क्लिअर असे थर असतात. कंपनीतून येणारा क्लिअर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. ओरखडा हा त्या थरात पडलेली खाच आहे, वर चिकटलेला मळ नव्हे. फळीवरची खाच घालवायची तर सुतार रंधा मारून आजूबाजूचं लाकूड खाचेच्या तळापर्यंत खाली आणतो. पॉलिशही तेच करतं. खाच क्लिअरच्या खाली गेली असेल तर घासून ती जायचीच नाही, उरलेला क्लिअर मात्र जाईल.

पांदण रस्त्याने शेतात गाडी नेली की दोन्ही बाजूंच्या बाभळी दारांवर रेघा ओढतात. त्या खोल आहेत की वरवरच्या, हे ओळखायला मशीन लागत नाही. गाडी धुवा आणि रेघेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर पॉलिशचा विषय संपला. नाही अडकलं तर रेघेवर पाणी टाका. ओली असताना रेघ दिसेनाशी झाली तर ती बहुधा क्लिअरमध्येच आहे आणि कंपाउंड, मग बारीक पॉलिश यांनी निघेल. खाली पांढरा-करडा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी टच-अपचा रंग भरून घ्या, नाहीतर गंज धरेल.

पाण्याने रेघ का लपते? खाच भरते म्हणून. खोबरेल तेलही तेच करतं, लोक फसतात ते इथंच. मेणाचा वाळून पातळ थर बसतो. गाडीसाठी वापरतात ते कार्नौबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, ते चांगलंच कडक असतं. मेणानेही ओरखडा निघत नाही, लपतो. पण मेणावरचं पाणी ओघळतं आणि धूळ सहज धुऊन जाते. खोबरेल तेल वाळतच नाही. आपल्याकडच्या फुफाट्यात तासाभरात त्यावर धूळ चिकटते. मग तीच पुसायला फडकं फिरवलं की मातीतले वाळूचे कण पॉलिश पेपरसारखे घासतात. उन्हात दिसणाऱ्या गोल गोल जाळीदार रेघा अशाच पडतात. तेलकट जागेवर पुढे रंगही नीट बसत नाही.

कोरड्या फडक्याबद्दलही हेच. सकाळी उठून कोरड्या कापडाने धूळ झटकायची सवय गावात घरोघरी आहे, आणि माझ्या मते बाभळीपेक्षा जास्त नुकसान तिनेच होतं. आधी भरपूर पाण्याने माती वाहून जाऊ द्या, मग गाडीचा शॅम्पू, मग मऊ मायक्रोफायबर कापड. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी असेल तर ते वाळायच्या आत टिपून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात.

उन्हाचं थोडक्यात. मे महिन्यात आपल्याकडे पत्र्यावर हात ठेववत नाही. त्यावर कुठलंही पॉलिश लावताक्षणी वाळतं आणि कोरडी भुकटी रंगावर घासली जाते. सकाळी लवकर, सावलीत, पत्रा थंड असताना काम करा.

राहिलं ते "दर आठवड्याला". घासताना दर वेळी क्लिअर झिजतो आणि तो परत वाढत नाही. उन्हापासून रंगाला वाचवणारं रसायन याच थरात असतं. त्या पोराच्या बोनेटवर डागाच्या जागी क्लिअर उरलाच नव्हता. फडकं फिरवलं तर त्याला गाडीचा लाल रंग लागत होता. तिथे आता पॉलिश चालणार नाही. पूर्ण बोनेटला पेपर मारून रंग आणि क्लिअर नव्याने मारावा लागेल, आणि सुरुवातीला तिथे होती ती नखालाही न लागणारी एक रेघ.